नाडी किती चढली यापेक्षा ती कधी उतरली ते बघा

ट्रेडमिलवर पेशंट चालत असतो तेव्हा बाहेर बसलेल्या घरच्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. तपासणाऱ्याचं लक्ष मात्र तो थांबल्यावर जास्त असतं. मिरजेत एका हृदयरोगतज्ज्ञांकडे मी निवृत्त होईपर्यंत ईसीजी आणि टीएमटी (ट्रेडमिलवरची हृदयतपासणी) काढायचं काम केलं, म्हणून हे सांगते. टीएमटीत दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवत नेतात, ठोके २२० वजा वय या आकड्याच्या जवळ पोचतात, मग मशीन मंद करतात. त्यानंतरच्या पहिल्या मिनिटात ठोके किती खाली आले, तो आकडा डॉक्टर आवर्जून बघतात. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९९ साली सुमारे अडीच हजार पेशंटांची माहिती छापली होती. पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके १२ किंवा त्याहून कमीच उतरले, त्यांच्यात पुढच्या सहा वर्षांतला मृत्यूचा धोका, वय आणि इतर आजार जमेस धरूनसुद्धा, दुप्पट निघाला.

हे झालं पायांच्या ताणाचं. मनाच्या ताणालाही हाच हिशेब लागू आहे असं माझं मत बनलं, ते पेशंट बघून आणि डॉक्टरांनी वाचायला दिलेल्या कागदांतून. भांडण, अपमान, परीक्षा, कर्जाचा हप्ता, यातल्या कशानंही ठोके चढतात. चढणं हे हृदयाचं कामच आहे. प्रश्न असा की प्रसंग संपल्यावर ते उतरतात कधी, आणि उतरू न देणारं तुमच्या स्वभावात काय आहे. ते घरच्या घरी कसं ओळखायचं आणि ओळखल्यावर काय करायचं, ते इथं लिहिते. तीन आठवडे लागतील. एक वही, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि दंडाला बांधायचं बीपीचं मशीन एवढंच सामान. मनगटाचं मशीन नको, हाताची उंची जरा बदलली तरी त्याचा आकडा बदलतो.

आधी अंगात काय होतं ते

धोका जाणवला की मेंदूकडून निघालेल्या नसा हृदयाला वेग देतात आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात. ठोके वाढतात, बीपी वाढतं, यकृत साखर सोडतं, रक्त पटकन गोठायला तयार होतं. या सगळ्याला आवर घालणारी एक वेगळी नस आहे, व्हेगस. ती मेंदूच्या बुडातून निघून छातीत आणि पोटात उतरते. विश्रांतीत हृदयावर तिचाच अंमल असतो. ताण आला की ती आधी मागे सरते आणि ताण गेला की परत पुढे येते. ज्याची व्हेगस चपळ, त्याचे ठोके लवकर उतरतात.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. बीपी दोन तऱ्हांनी चढतं. एकात हृदय जोरात रक्त ढकलतं आणि हातापायाच्या रक्तवाहिन्या सैल होतात. आव्हान पेलायला निघालेल्या माणसाचं असं होतं. दुसऱ्यात रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हात गार पडतात आणि हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांमधून रक्त रेटावं लागतं. भ्यायलेल्या, कोंडलेल्या माणसाचं असं होतं. मशीनवर दोघांचा आकडा एकच दिसेल. म्हणून वहीत नाडी आणि बीपीबरोबर हात गरम होते की गार, हेही लिहायचं आहे.

स्वभावाचे कोणते कोपरे हृदयाला लागतात

सॅन फ्रान्सिस्कोच्या मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या दोन हृदयरोगतज्ज्ञांनी १९५९ साली ‘टाइप ए’ हा प्रकार मांडला: सतत घाई, प्रत्येक गोष्टीत चढाओढ, दुसऱ्याचं वाक्य तोडणं, रांगेत तडफडणं. पुढे कॅलिफोर्नियातल्या ३,१५४ मध्यमवयीन नोकरदार पुरुषांवर साडेआठ वर्षं नजर ठेवली गेली. टाइप ए मंडळींत हृदयविकार दुपटीनं आढळला. जगभर गाजावाजा झाला.

मग शंका आल्या. नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत हा संबंध दिसेना. त्याच गटातल्या, आधीच हृदयविकार झालेल्या पुरुषांचा १९८८ साली हिशेब मांडला, तर टाइप ए लोक उलट जास्त जगले होते. सिगारेट कंपन्यांनी या संशोधनाला भरपूर पैसा पुरवला होता, हेही नंतर त्यांच्याच कागदपत्रांतून बाहेर आलं. दोष स्वभावावर गेला की सिगारेट दोषातून सुटते, हा त्यातला मतलब. हे मी मुद्दाम सांगते, कारण ‘माझा स्वभावच तापट, मी काय करणार’ म्हणत खिशात पाकीट बाळगणारी माणसं मी खूप पाहिली. सिगारेट, बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल यांची जागा स्वभाव घेत नाही. तो त्यांच्यात भर घालतो.

संशोधकांनी टाइप ए सुटं करून पाहिलं तेव्हा घाई आणि महत्त्वाकांक्षा फारशा दोषी निघाल्या नाहीत. दोषी निघाला आकस. समोरचा मला फसवणारच, माझी वाट अडवायलाच आलाय, असं धरून चालणं आणि त्यावर मनात धुमसत राहणं. तेव्हा दिवसभर धावपळ करणाऱ्या, कामात रमलेल्या माणसानं उगाच घाबरून जाऊ नये. ज्याच्या मनात माणसांविषयी अढी आहे त्यानं मात्र हे मनावर घ्यावं.

रागाचा झटका हाही स्वतंत्र धोका आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या मोठ्या अभ्यासातून २०१६ साली दिसलं की हार्ट अटॅक येण्याच्या आधीच्या तासाभरात राग किंवा मनाला धक्का असेल, तर अटॅकची शक्यता दुपटीहून जास्त होते. त्याच रागात माणसानं अंगमेहनतीचं जड काम केलं तर ती तिपटीच्या घरात जाते. भांडण करून तणतणत शेतावर जाऊन पाइप उचलणं किंवा रागाच्या भरात जिममध्ये वजनं मारणं, हे म्हणून टाळावं. लंडनचे अठराव्या शतकातले नामांकित सर्जन जॉन हंटर यांना छातीत कळा यायच्या. आपला जीव आपल्याला डिवचणाऱ्या कुठल्याही हलकटाच्या हातात आहे, असं ते म्हणत. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या बैठकीत शब्दाला शब्द लागला आणि त्यातच ते गेले.

दुसरा कोपरा याच्या अगदी उलट आहे. योहान डेनोलेट या बेल्जियन मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात ‘टाइप डी’ मांडला. त्यात दोन गोष्टी एकत्र येतात: मनात सतत काळजी, खिन्नता, चिडचिड, आणि नाकारलं जाण्याच्या भीतीनं ती कुणापाशी न बोलणं. आपल्याकडे अशा माणसाला घुमा म्हणतात, आणि ‘किती सोशिक’ म्हणून त्याचं कौतुकही करतात. विशेषतः बायकांचं. डेनोलेट यांच्या सुरुवातीच्या अभ्यासांत टाइप डी हृदयरुग्णांचं आयुष्य बरंच धोक्यात दिसलं. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तो धोका तेवढा ठळक राहिला नाही. तरी एक गोष्ट मला पटते: सोसणाऱ्या माणसाचं हृदय शांत असतं हा समज चुकीचा आहे. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेनसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लोकांना किळस येईल असं चित्रण दाखवलं आणि काहींना चेहऱ्यावर काहीही दिसू देऊ नका असं बजावलं. त्यांची नाडी वाढली नाही, पण बोटांतला रक्तप्रवाह आटला आणि त्वचेला घाम सुटला. आतली यंत्रणा तापलेलीच होती.

तिसरा कोपरा उगाळत बसणाऱ्यांचा. झालेलं बोलणं रात्री अंथरुणात पुन्हा ऐकायचं, मी असं म्हणायला हवं होतं, तो असं का म्हणाला. २००२ साली छापलेल्या एका अमेरिकी प्रयोगात, मनाला लागलेल्या प्रसंगानंतर ज्यांचं लक्ष दुसरीकडे वळवलं त्यांचं बीपी लवकर खाली आलं. ज्यांना नुसतं बसवून ठेवलं त्यांचं रेंगाळलं. नंतर प्रसंग फक्त आठवायला सांगितला तरी बीपी पुन्हा चढलं. म्हणजे अपमान एकदा होतो आणि हृदय तो दहादा सोसतं.

आशावादी माणसं आणि नेटकी, वेळेवर गोळी घेणारी, शिस्तीची माणसं सरासरीनं बरी राहतात, असं अभ्यासांत वारंवार दिसलंय. शिस्तीच्या माणसाची सिगारेट कमी, तपासणी वेळेवर, हे त्यामागचं एक साधं कारण असावं.

पहिला आठवडा: नुसतं मोजा

या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी मोजा. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, मांडी न घालता पाच मिनिटं गप्प बसा. दंड उघडा, हात टेबलावर, मशीनचा पट्टा छातीच्या उंचीला. बोलायचं नाही. दोनदा मोजा, मधे एक मिनिट सोडा, दोन्ही आकडे लिहा. संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा तसंच. घरी मोजलेलं बीपी सरासरी १३५/८५ च्या वर राहत असेल तर पुढचं काही करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात जास्त आणि घरी बरोबर येणाऱ्यांनीही ते सांगावं. डॉक्टरांसमोर बीपी चढणं हीसुद्धा तुमच्या स्वभावाची एक खूण आहे.

नाडी मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला तर्जनी आणि मधल्या बोटानं मोजा. अंगठा लावायचा नाही, अंगठ्याची स्वतःची नाडी जाणवून घोटाळा होतो. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. बसल्या ठिकाणी ६० ते १०० ठोके ठीक समजतात. मधेच ठोका गळल्यासारखा किंवा पूर्ण अनियमित लागला तर ईसीजी काढून घ्या, मनानं अर्थ लावू नका.

मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल यांपैकी गोळी चालू असेल तर नाडी दाबलेलीच राहणार. अशांनी बीपी, हाताचा गारवा आणि मनात काय चाललंय यांवर भर द्यावा. या खटाटोपासाठी कुठलीही गोळी बंद करायची नाही.

दुसरा आठवडा: घरातली परीक्षा

ज्यांना अलीकडे अटॅक आलाय किंवा अँजिओप्लास्टी झालीय, चालताना छाती भरून येते, ठोक्यांचा आजार आहे, बसल्या ठिकाणी बीपी १६०/१०० च्या वर आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी ही परीक्षा करू नये. त्यांनी सरळ तिसऱ्या आठवड्याकडे जावं.

जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली मानसिक ताणाची एक चाचणी तयार झाली, जगभरच्या प्रयोगशाळा ती वापरतात. त्यात अनोळखी परीक्षकांसमोर बोलायचं असतं आणि तोंडी गणित करायचं असतं. गणिताचा भाग घरी करता येतो. १०२२ मधून १३ वजा करत जायचं, मोठ्यानं, भरभर, पाच मिनिटं. चुकलं की समोरच्यानं एवढंच म्हणायचं, ‘चूक. पुन्हा १०२२ पासून.’ हसायचं नाही, धीर द्यायचा नाही. उत्तरं त्याच्या हातात लिहून द्या: १००९, ९९६, ९८३, ९७०, ९५७, ९४४, ९३१, ९१८, ९०५. पुढची त्यानं करून घ्यावीत. शक्यतो ज्याच्यासमोर चुकायला संकोच वाटतो अशा माणसाला बसवा. आमच्या सोसायटीतल्या एका मुख्याध्यापिकांनी आपल्या सुनेला बसवलं होतं आणि त्यांचे ठोके बाकी कुणापेक्षाही जास्त चढले.

मोजणी अशी: आधी पाच मिनिटं शांत बसून एकदा. गणित संपताक्षणी एकदा. मग एक मिनिटानं, पाच मिनिटांनी आणि दहा मिनिटांनी. या दहा मिनिटांत फोन नाही, टीव्ही नाही, गप्पा नाहीत. शेवटी एका ओळीत लिहा की त्या दहा मिनिटांत मनात काय चाललं होतं. ‘जेवणाचं बघायला हवं’ असं होतं, की ‘तिच्यासमोर माझी शोभा झाली’ असं?

तीन-चार दिवसांनी हीच परीक्षा त्याच माणसासमोर पुन्हा करा. ही दुसरी खेप फार बोलकी असते. बहुतेकांचं शरीर तोच ताण ओळखतं आणि दुसऱ्यांदा कमी चढतं. काहींचं सरावतच नाही, प्रत्येक वेळी पहिल्यासारखंच पेटतं. काळजी करणाऱ्या, मनातलं न बोलणाऱ्या माणसांत असं जास्त दिसतं, असं संशोधक सांगतात.

किती चढलं म्हणजे वाईट, असा आकडा या घरगुती परीक्षेला नाही, आणि कुणी सांगितला तरी मानू नका. स्वतःची स्वतःशीच तुलना करायची आहे. दहा मिनिटांनी आकडा सुरुवातीच्या जवळ आला का, एवढं बघा. आणि एक: काहीच चढलं नाही म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. बऱ्याच काळापासून खचलेल्या, आयुष्यात रस न उरलेल्या माणसांचं शरीर ताणाला दादच देत नाही, असंही दिसून आलंय. नाडी सपाट, पण झोप नाही, जेवण नाही, कशात मन नाही, अशी स्थिती असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा. मिरज-सांगलीसारख्या गावांतही ते आता सहज भेटतात, लाजायचं कारण नाही.

तिसरा आठवडा: खरे प्रसंग

आता रोजच्या आयुष्यातला एखादा प्रसंग निवडून चार गोष्टी लिहायच्या. काय घडलं, एका ओळीत. लगेच नाडी किती, हात कसे. अर्ध्या तासानं नाडी किती. आणि झोपताना तो प्रसंग अजून डोक्यात आहे का. दिवसाला एक पुरे. सांगलीच्या बाजारातले एक हळदीचे व्यापारी हमालावर, गाडीवाल्यावर, बँकेवर दिवसभर ओरडत. त्यांना वाटे, आपलं हृदय ओरडण्यानं खराब होतंय. त्यांच्या नोंदीत दिसलं की ओरडल्यावर नाडी चढे आणि चहा येईपर्यंत उतरे. जी नाडी दुपारपर्यंत वर राही ती भावाच्या फोननंतरची होती, आणि त्या फोनवर ते एक शब्दही चढ्या आवाजात बोलत नसत. वाटणीचा जुना वाद. उपाय आवाजावर करायचा नव्हता, त्या वादावर करायचा होता.

आठवडा संपला की वही घरातल्या जाणत्या माणसाला दाखवा आणि विचारा, ‘मी तापट आहे, घुमा आहे, की उगाळत बसणारा?’ स्वतःचा स्वभाव स्वतःला अर्धाच दिसतो. उत्तर ऐकून वाद घालायचा नाही, तेही लिहून ठेवायचं. बहुतेक जण दोन प्रकारांत बसतात, म्हणून खालचं सगळंच वाचा.

आकस धरणाऱ्यानं, तापटानं

फ्रीडमन यांनी पुढे अटॅक येऊन गेलेल्या ८६२ पेशंटांवर एक मोठा प्रयोग केला. एका गटाला नेहमीचा हृदयरोगाचा सल्ला दिला, दुसऱ्या गटाला त्याबरोबर स्वभाव बदलण्याचे धडे. साडेचार वर्षांत पहिल्या गटात २१.२ टक्के लोकांना पुन्हा हृदयाचा त्रास उद्भवला, दुसऱ्यात १२.९ टक्के. मोठ्या वयात स्वभावाला औषध नाही म्हणणाऱ्यांसमोर मी हा आकडा ठेवते. फ्रीडमन स्वतः टाइप ए होते, पंचावन्नाव्या वर्षी त्यांना अटॅक आला होता. स्वतःवर तेच धडे गिरवून ते नव्वदीपर्यंत जगले.

ते धडे साधे होते आणि आपल्याकडे तसेच करता येतात. बँकेत मुद्दाम लांबलचक रांगेत उभं राहायचं आणि उभं असताना मोबाइल काढायचा नाही. घाटात ट्रकच्या मागे असाल तर ओव्हरटेक न करता तसंच राहायचं. बायको किंवा मुलगा बोलत असेल तर वाक्य पूर्ण होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. रोज एक धडा, ठरलेला. पहिल्या दिवशी अंगाची लाही होते. तीच मोजायची आणि वहीत लिहायची.

त्या वर्गात गळाची गोष्ट शिकवत. दिवसभर माणसापुढे आमिष लावलेले गळ येत राहतात: टोमणा, कट मारणारी मोटारसायकल, व्हॉट्सॲपवरचा राजकीय निरोप. गळ दिसला की मनात ‘हा गळ’ एवढंच म्हणायचं आणि तोंड न घालता पुढे जायचं. मला हे फार उपयोगी वाटतं, कारण यात राग गिळायचा नसतो, तो धरायचाच नसतो. या दोन्हींत फरक आहे आणि तो हाताच्या गारव्यात कळतो. गिळलात तर हात गार पडतील.

आकसासाठी मात्र आणखी एक काम करावं लागतं. ज्याच्याविषयी अढी आहे त्याच्या वागण्याचं, तुमच्याविरुद्ध नसलेलं एक कारण शोधून लिहायचं. ‘फोन उचलला नाही, कारण तो टाळतोय’ याच्या खाली ‘फोन उचलला नाही, कारण गाडी चालवत असेल’. खरं कुठलं ते ठरवायचं नाही. दुसरं कारण शक्य आहे एवढं मनाला दिसलं की नाडी उतरायला वाट मिळते.

मनात ठेवणाऱ्यानं

भिडस्त माणसाला ‘मोकळं बोला’ सांगून उपयोग नसतो. त्याला एक माणूस आणि एक वेळ ठरवून द्यावी लागते. बहीण, मैत्रीण, भिशीतली एखादी, देवळाच्या ओट्यावर भेटणारे एखादे काका. आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटं, आणि पहिलं वाक्य आधी वहीत लिहून न्यायचं: ‘मला त्या दिवशी वाईट वाटलं ते सांगायचंय, सल्ला नको.’ हे वाक्य महत्त्वाचं आहे. सल्ला आला की घुमा माणूस पुन्हा मिटतो. घरच्यांनी पण लक्षात ठेवावं, ऐकायचं तेवढं ऐकायचं.

कुणीच नसेल तर कागदावर लिहा आणि फाडून टाका. वही सासूच्या किंवा मुलांच्या हातात पडेल या भीतीनं बायका खरं लिहीत नाहीत, म्हणून सुटा कागद.

आणि ‘नाही’ म्हणण्याचा सराव छोट्या गोष्टींवर करा. भाजीवाल्याला ‘आज कोथिंबीर नको’, शेजारणीला ‘आज जमणार नाही’. कारण द्यायचं नाही. म्हणण्याआधी आणि म्हटल्यावर नाडी मोजा. ती चढेल. पाचव्या-सहाव्या ‘नाही’नंतर किती चढते ते ताडून बघा.

अशा माणसांनी छातीत दुखणं मात्र अजिबात मनात ठेवू नये. मोठ्या धक्क्यानंतर, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांत, कधीकधी हृदयाचा खालचा भाग फुग्यासारखा फुगून तात्पुरता दुबळा पडतो. जपानमध्ये १९९० साली त्याचं पहिलं वर्णन झालं, त्याला टाकोत्सुबो म्हणतात. सुरुवातीला तो अटॅकसारखाच दिसतो आणि घरी बसून वेगळा ओळखता येत नाही.

उगाळत बसणाऱ्यानं

इथं श्वास कामी येतो. लुचियानो बर्नार्डी या इटालियन डॉक्टरांनी २००१ साली तेवीस जणांना लॅटिनमधली जपमाळ आणि योगातला मंत्र म्हणायला लावला. दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या ठोक्यांवरचं व्हेगसचं नियंत्रण सुधारलं. आपल्याकडेही हे काम जुनं आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रियांचा रक्तदाबावर आणि श्वासावर होणारा परिणाम यंत्रांनी मोजायला सुरुवात केली होती. तेव्हा ज्यांना जपाची, हरिपाठाची सवय आहे त्यांनी तोच संथ म्हणावा. एका ओळीला सावकाश सोडलेला एक श्वास, एवढं पाळावं. ज्यांना देवाधर्मात रस नाही त्यांनी चार आकडे मोजत श्वास घ्यावा आणि सहा मोजत सोडावा. दहा मिनिटं, जेवणाआधी. श्वास कोंडून धरायचा नाही, बीपी असलेल्यांनी तर नाहीच.

पण श्वासानं अंग उतरतं, विचार परत येतो. त्यासाठी विचाराला वेळ ठरवून द्या. संध्याकाळी सात ते सव्वासात, खुर्चीत बसून, हवं तेवढं उगाळा. रात्री आला तर ‘उद्या सातला’. सुरुवातीला ऐकणार नाही. तेव्हा अंथरुणात लोळत पडू नका, उठून हाताला काम द्या: लसूण सोला, कपड्यांच्या घड्या घाला. २००२ च्या त्या प्रयोगातलं लक्ष वळवणं ते हेच. रात्रीच्या जेवणानंतर कुणाबरोबर तरी अर्धा तास चाला. एकट्यानं चालाल तर तोच प्रसंग बरोबर येईल.

ज्यांची धडधड प्रसंगाच्या आधीच सुरू होते, इंटरव्ह्यू, कोर्टाची तारीख, स्टेजवर बोलणं, त्यांनी ती थांबवायचा आटापिटा करू नये. जेरेमी जेमिसन या अमेरिकी संशोधकांनी २०१२ साली काही लोकांना ताणाच्या परीक्षेआधी एवढंच समजावलं की ही धडधड म्हणजे शरीर तयारी करतंय, ती मदतीला आहे. त्यांचं हृदय जास्त कार्यक्षम चाललं आणि रक्तवाहिन्या कमी आवळल्या. ठोके तेवढेच, हात मात्र गरम.

डॉक्टरांकडे जाताना

महिनाभरानं गणिताची परीक्षा पुन्हा करा, आता १०२२ ऐवजी १०४७ पासून, म्हणजे पाठ झालेली उत्तरं उपयोगी पडणार नाहीत. दहा मिनिटांनंतरचा आकडा जुन्या आकड्याशेजारी लिहा. मग वही आणि मशीन दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. मशीन त्यांच्या मशीनशी ताडून घ्या. त्यांना सगळी वही वाचायला वेळ नसतो, म्हणून पहिल्या पानावर तीन ओळी ठेवा: सकाळचं सरासरी बीपी, ताणानंतर दहा मिनिटांनी नाडी आणि बीपी किती वर राहतं, आणि घरच्यांनी सांगितलेला स्वभाव. घरात कुणाला लवकर अटॅक आला असेल तर तेही त्याच पानावर लिहा. इंटरहार्टमध्ये भारतीय उपखंडातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्या जगात ५९ च्या आसपास. त्यामुळे चाळिशीतल्या माणसानं ‘अजून वेळ आहे’ म्हणून हे पुढे ढकलू नये. लिपिड आणि साखर तपासून घ्या, टीएमटी लागेल का ते विचारा, आणि टीएमटी झालीच तर पहिल्या मिनिटात ठोके किती उतरले तो आकडा रिपोर्टमधून वहीत उतरवून घ्या.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, अचानक धाप, किंवा मधुमेह असलेल्याला कारण नसताना आलेली गळाठून टाकणारी अस्वस्थता, यांपैकी काही जाणवलं तर नाडी मोजत बसू नका, सोडा पिऊन गॅस जातो का याची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, अंगावरची कामं तशीच टाका, दाराची कडी काढून ठेवा आणि बसून राहा.